चार ठोकळ्यांचा पक्का रंग

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं काम करून, निवृत्त होऊन, मग लिहायला बसलेली असतात. माझी नोकरी सव्वादोन वर्षांची. मला कोणी निवृत्त केलं नाही, शाल-श्रीफळही दिलं नाही. शेवटच्या दिवशी फक्त माझे हातमोजे परत मागून घेतले. सध्या मी ब्रह्मपुरीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी या अंकासाठी माझं नाव का सुचवलं ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, सर, मला लिहिता येत नाही. सर म्हणाले, खरं ते लिही. खरं लिहायचं तर त्यात माझी एक चूक येते, आणि ती निस्तरायला मला सिरोंचापर्यंत जावं लागलं होतं. तरी लिहितो. काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव मुलचेरा तालुक्यात, जंगलाला लागून. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात नापास झालो तेव्हा ते घरी कोणत्या शब्दांत सांगावं हेच मला कळेना. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे नापास किती वर्साचं असते?"

मी म्हणालो, एक.

"मंग कर पुरं," ते म्हणाले आणि शेतावर गेले.

शेजारच्या बंगाली गावातले मंडलदा चंद्रपूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. सुट्टीत आले की आमच्या आठवडी बाजारात भेटायचे. माझा निकाल त्यांच्या कानावर गेला होता. "केमिस्ट्रीत गेला ना? मग चल माझ्यासोबत," ते म्हणाले. "आमच्याकडे दिवसभर केमिस्ट्रीच आहे. पेपर नाही." अशा रीतीने मी मॅग्नेशियमच्या कारखान्यात लागलो.

मॅग्नेशियमला तिथे सगळे मॅग म्हणतात, मीही तसंच म्हणतो. हा धातू ॲल्युमिनियमपेक्षाही बराच हलका. त्यात थोडं ॲल्युमिनियम, थोडं जस्त मिसळून तो वितळवायचा आणि वाळूच्या साच्यात ओतायचा. आमच्याकडे मुख्यतः गवत कापायच्या यंत्रांच्या गिअरपेट्या व्हायच्या. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कापताना माणूस ते यंत्र दिवसभर खांद्याला अडकवून फिरतो, म्हणून ते हलकं हवं. मॅगचा गुण तेवढाच. बाकी सगळे अवगुण. वितळलेला मॅग उघड्या हवेत पेट घेतो. त्यावर थेंबभर पाणी पडलं तर स्फोट होतो. आणि थंड होऊन घट्ट झाला तरी त्याला मीठ सोसत नाही, घाम सोसत नाही, आणि ओलाव्यात लोखंडाची संगत तर अजिबात सोसत नाही. एवढ्या नाजूक तब्येतीचा माणूस आमच्या गावात तरी मी पाहिलेला नाही.

भट्टीचे मुख्य नत्थूभाऊ. वय साठीचं, बोलणं कमी. भट्टीच्या शेडच्या दारात त्यांनी स्वतःच्या हाताने एक पिवळी रेघ मारली होती. तिच्या आत पाणी न्यायचं नाही. देवळाबाहेर चपला असतात तशा त्या रेघेबाहेर पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या असायच्या. पहिल्या दिवशी मी सकाळी डोक्यावरून आंघोळ करून, भांग पाडून, नवा शर्ट घालून गेलो. नत्थूभाऊंनी माझ्या केसांवरून हात फिरवला. मला वाटलं आशीर्वाद देत आहेत.

"ओलं आहे," ते म्हणाले. "वाळवून ये."

माझ्या नोकरीचा पहिला पाऊण तास मी उन्हात नुसता बसून डोकं वाळवत होतो. येणारे-जाणारे विचारायचे, हा कोण? नत्थूभाऊ आतून सांगायचे, "कॉलेज आहे. वाळून राह्यलं." तेव्हापासून माझं नाव कॉलेजच पडलं.

वितळलेल्या मॅगवर हवा लागू नये म्हणून मोठ्या कारखान्यांत सिलिंडरमधला वायू सोडतात. आमच्याकडेही सिलिंडर होता, पण नत्थूभाऊंचा विश्वास गंधकावर. चांदीसारख्या रसावर कुठे पांढरा लखलखीत ठिपका उमटला की ते म्हणायचे, "फूल आलं," आणि चिमूटभर गंधक तिथे टाकायचे. गंधकाच्या धुराने रस झाकला जायचा, फूल विझायचं. तो वास मात्र कपड्यांत, केसांत, डब्यातल्या पोळीतही जायचा. शनिवारी गावी जाताना माझ्या शेजारची सीट गाडी कितीही भरली तरी रिकामी राहायची. या नोकरीत मी बसमध्ये नेहमी ऐसपैस प्रवास केला, एवढं मान्य करायला हवं.

नत्थूभाऊंचा एक प्रसंग सांगतो, म्हणजे रेघेचं महत्त्व कळेल. एकदा कातकामाच्या किसाच्या डब्याने पेट घेतला. मॅगचा कीस जळतो तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही इतका पांढरा उजेड पडतो. दोनच दिवसांपूर्वी लागलेला चौकीदार प्रामाणिक माणूस होता. आग दिसताच तो पाण्याची बादली घेऊन धावला. नत्थूभाऊ ओरडले नाहीत. ते रेघेवर आडवे झाले आणि त्यांनी बादलीच मिठीत घेतली. सगळं पाणी त्यांच्या अंगावर गेलं. आम्ही डब्यावर कोरडी पावडर टाकून आग विझवली, पण आता नत्थूभाऊच नखशिखांत भिजलेले. नियम त्यांचाच. ते रेघेबाहेर उन्हात जाऊन बसले आणि ते वाळेपर्यंत भट्टी बंद राहिली. मालक दोनदा येऊन विचारून गेले. नत्थूभाऊंनी दोन्ही वेळा बनियन पिळून दाखवली.

मी मात्र भट्टीवर फार दिवस राहिलो नाही. मला मंडलदांच्या हाताखाली लेपाच्या शेडमध्ये दिलं. ओतलेल्या पेट्या तिथे यायच्या. आधी सोड्याच्या गरम पाण्यात धुवायच्या, मग सौम्य ॲसिडमध्ये क्षणभर बुडवायच्या, मग एका द्रावणात ठेवून त्यांच्यावर पातळ कवच चढवायचं, त्यावर प्रायमर, मग ओव्हनमध्ये भाजणं, आणि शेवटी राखाडी रंगाचे दोन हात. यातला एक टप्पा चुकला तरी काही महिन्यांत रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि पेटी आतून खचते.

मंडलदांचा सगळा जीव या कवचात होता. उघड्या मॅगला उघड्या हाताने शिवलेलं त्यांना चालत नसे. हाताच्या घामातलं मीठ धातूवर राहतं आणि रंगाखाली हळूहळू खात जातं. त्यांच्या फळीवर एक परत आलेली पेटी ठेवली होती. तिच्यावर पांढऱ्या भुकटीत एक अंगठा स्पष्ट उमटला होता. तो मालकांचा होता. मालक पाहुण्यांना शेड दाखवायला आले की मंडलदा ती पेटी पुसायच्या निमित्ताने पुढे ओढायचे. मालक लगेच हात खिशात घालायचे. माझा डबा झाल्यावर मंडलदा माझी बोटं हुंगायचे. लोणच्याचा वास आला तर दुपारभर मला फक्त झाडू मिळायचा.

त्यांचं एकच वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. "मॅग उघडा फाटकाबाहेर जाणार नाही." ते मला इतकं पटलं होतं की घरी आईच्या पितळी डब्यालासुद्धा उघड्या हाताने शिवताना मी दचकायचो. आई म्हणायची, "काऊन भेतेस? डबाच आहे तो."

आता चुकीकडे येतो.

हिवाळा संपत आला होता. एका दुपारी लेपाच्या शेडमध्ये एक बाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, खांद्यावर पिशवी. सिरोंचाहून पहाटेच्या गाडीने निघाल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवायला जागा शोधली आणि ती नेमकी आमच्या तपासणीच्या टेबलावर, लेपासाठी धुऊन ठेवलेल्या वीस उघड्या पेट्यांच्या मधोमध ठेवली. पिशवीत मीठ लावून सुकवलेले मासे होते.

मंडलदांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहिलं नाही. मीठ टेबलावर आलं म्हणून ते हादरले होते. पण ते बंगाली होते, आणि पिशवीतून वास येत होता.

"शुटकी," ते हळूच म्हणाले.

"गोदावरीचे आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच आणले."

मंडलदांनी पिशवी दोन्ही हातांनी, बाळ उचलावं तशी उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली. मला सांगितलं, टेबल तीनदा धू, पेट्या परत सोड्यात घाल. मग ते, मालक आणि बाई कोपऱ्यात बोलत उभे राहिले. माझ्यापुढे पाण्याचा पाइप सुरू होता. मला तुकडे तुकडेच ऐकू येत होते.

बाईंचं नाव पोचक्का. त्यांची सगळी हकीकत मला नंतर कळली. त्यांच्याकडे एक लोखंडी बोट होती. पुलाचं काम संपल्यावर ठेकेदार जाताना मागे ठेवून गेला, ती त्यांनी घेतली. ती नदीत मासेमारीला चालायची, आणि उन्हाळ्यात नदीच्या पात्रातल्या वाड्यांमधली टरबुजं काठावर आणायलाही. वाडीवर जाणारी माणसंही तिच्यातच बसायची. घर त्या बोटीवर चालत होतं. पण बोटीचं बूड गंजत होतं. पितळी पंख्याजवळचा पत्रा तर बोटाने दाबला तर दबायचा. ठेकेदाराच्या जुन्या मेकॅनिकनं सांगितलं होतं की अजून एक पावसाळा असाच गेला तर चाळणी होईल. आणि त्यावर उपाय म्हणून त्यानेच मॅगचे ठोकळे सांगितले होते.

त्या दिवशी मी ऐकलं ते एवढंच. "पाणी खाऊन राह्यलं माझ्या बोटीले," पोचक्का म्हणाल्या. पुढचं वाक्य त्या बोलल्या तेव्हा मी टेबल दुसऱ्यांदा धूत होतो.

चार ठोकळे ठरले, प्रत्येकी सुमारे चार किलोचा, आत आरपार लोखंडी पट्टी, म्हणजे पट्टीची टोकं बोटीच्या बुडाला वेल्डिंग करता येतील. नत्थूभाऊंनी ते ओतले. पण ते माझ्या शेडमध्ये आले तेव्हा मंडलदा पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते. जाताना म्हणाले होते, आठवडाभर शेड तुझी. कामाच्या कार्डावर लेपाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी त्या रिकाम्या रकान्याकडे बराच वेळ पाहिलं. मनात म्हणालो, मालक घाईत विसरले असतील. या बाईंची बोट पाण्यात सडते आहे, म्हणून त्या आपल्याकडे आल्या. आता हे ठोकळेही पाण्यात सडू द्यायचे का? मॅग उघडा फाटकाबाहेर जाणार नाही.

त्या चार ठोकळ्यांवर मी तीन दिवस घातले. प्रत्येक टप्प्याला घड्याळ लावलं. पट्टी जिथे धातूतून बाहेर येते ती कड पाण्याची वाट असते, हे मंडलदांनी शिकवलं होतं, म्हणून तिथे बारीक ब्रशने प्रायमर तीनदा भरला. रंगाचे दोन हात सांगितलेले असतात, मी चार दिले. माझ्या आयुष्यात इतकं निर्दोष काम मी केलं नव्हतं. फोटो काढून मंडलदांना पाठवला. लग्नाच्या मांडवातून त्यांचं उत्तर आलं, "आता तू शिकला." तो निरोप मी अजून पुसलेला नाही, जरी पुसायला हवा होता.

पोचक्का न्यायला आल्या. ठोकळा उजेडात फिरवून बघितला. "लई चांगले दिसते," त्या म्हणाल्या. "पाण्यात घालायचं जिवावर येते." मग मला विचारलं, "रंग दिला तर चालते ना, तम्मी?" तम्मी म्हणजे त्यांच्याकडे लहान भाऊ. मी छाती पुढे काढून म्हणालो, अक्का, याला दहा वर्षं काही होणार नाही.

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मला वाटलं, कौतुक आहे.

तीन आठवड्यांनी जेवणाच्या सुट्टीत मी रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलो होतो. नापासाचा पेपर पुन्हा द्यायचा होता. मागच्या वेळी मी एक धडा ऑप्शनला टाकला होता, त्यातच नापास झालो होतो. तो आता उघडला. त्यात लिहिलं होतं, की दोन धातू एकमेकांना जोडून पाण्यात राहिले तर त्यांतला एक झिजतो आणि त्यामुळे दुसरा वाचतो. म्हणून लोखंड वाचवायचं असेल तर त्याला मॅग्नेशियम जोडावं. मॅग्नेशियम झिजून जाईल, लोखंड राहील. पुढे जहाजाचं चित्र होतं. त्याच्या बुडाला ठोकळे होते.

पहिलं वाक्य मला तोंडपाठ होतं. मंडलदा ते रोज सांगायचे, मॅगची खोड म्हणून. लोखंडाचा बोल्ट लागला की मॅगच मरतो, म्हणून मध्ये वॉशर घाल. या खोडीचा कोणाला उपयोग असू शकतो हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. ठोकळे सडायलाच हवे होते. पाणी त्यांना शिवलंच नाही तर ते सडणार नाहीत, आणि मग पाणी पोचक्कांचा पत्रा खाईल. मी ठोकळ्यांवर असं कवच चढवलं होतं की दहा वर्षं काही होऊ नये. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

नत्थूभाऊंना सांगितलं. "मले वाटलं, ते न्यायच्या आधी खरडतीन," ते म्हणाले. "म्हटलं काई नवीन पद्धत असंन कॉलेजची."

मालकांना सांगितलं. त्यांना आधी हसू आलं, मग ते म्हणाले, "काय बोलतोस. आजवर माझ्याकडे माल खराब झाला म्हणून लोक आले. माल खराब होत नाही म्हणून कोण येणार आहे?"

मंडलदा तर ऐकूनच घेईनात. त्यांनी माझा फोटो पुन्हा उघडून बघितला. "हा रंग काढायचा? पाप लागेल."

सिरोंचाला फोन लागेना. शेवटी नत्थूभाऊच म्हणाले, आणि ते एवढं सलग बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "मालक, ठोकळा राह्यला तर आपलं काई जात नाई. पण तो पत्रा फुटला त त्या बोटीत माणसं राह्यतेत. याले जाऊ द्या."

मालकांनी हात खिशात घातले आणि मला चार दिवसांची रजा दिली.

मंडलदांनी माझी पिशवी भरून दिली. खरडायचं पातं, नायलॉनचा ब्रश, सुती हातमोज्यांच्या तीन जोड्या. तारेचा ब्रश त्यांनी दिला नाही. तारेने लोखंडाचे कण मॅगमध्ये घुसतात आणि तो सडतो, असं म्हणाले. मी म्हणालो, मंडलदा, सडवायलाच चाललो आहे. ते म्हणाले, "तरी आपली पद्धत आहे."

आलापल्लीला गाडी बदलून मी दिवस मावळायला सिरोंचाला पोचलो. शेजारची सीट नेहमीप्रमाणे रिकामी होती, त्यामुळे काय बोलायचं याची तालीम करायला भरपूर जागा मिळाली. पोचक्कांचं घर नदीकाठीच होतं. त्यांची मुलगी स्वप्ना दहावीला होती, तिला मराठी, तेलुगू दोन्ही छान यायचं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पुस्तकही दाखवलं.

पोचक्का शांतपणे म्हणाल्या, "मले वाटलं, पाणी आधी रंग खाईन, मग ठोकळा खाईन." मग म्हणाल्या, "तू म्हणलास दहा वर्सं काई होत नाई. तवाच मले शंका आली होती. पण तुले वाईट वाटंल म्हणून बोलली नाई."

बोट पाण्यात होती. ठोकळे बुडाला वेल्डिंग झालेले. म्हणजे ती पुन्हा वाळूवर ओढायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर वीसेक माणसं जमली. लाकडी ओंडके अंथरले गेले. ओढायच्या आधी पोचक्कांनी त्यांना तेलुगूत काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि एकजात हसले. मी स्वप्नाला विचारलं, आई काय म्हणाली?

ती जरा लाजत म्हणाली, "आई म्हणाली, हा पोरगा चांगला आहे. यानं काम लई चांगलं केलं, म्हणून बोट बुडणार होती."

बोट वर आली. मी वाळूत पाठीवर झोपून तिच्या बुडाखाली सरकलो. पत्र्यावर ताजे तांबडे फोड होते. त्यांच्यामध्ये माझे चार ठोकळे कालच शेडमधून आल्यासारखे चमकत होते. शेजारी सगळं गंजत असताना त्यांच्यावर ओरखडाही नव्हता. खोटं कशाला बोलू, आधी मला अभिमानच वाटला.

मग मी खरडायला लागलो. रंग निघेना. पातं घसरायचं. रंगाखाली प्रायमर, प्रायमरखाली कवच, सगळं मी घट्ट धरून ठेवलं होतं. दुपारपर्यंत एकच ठोकळा झाला. पोचक्का सावलीत जाळं विणत बसल्या होत्या. मधूनच वाकून बघायच्या.

"पक्का मारला रे तम्मी," त्या म्हणाल्या. "एवढा बोटीलेच मारला असता."

मी खरडत राहिलो. ते बरोबर होतं. बोटीला पक्का रंग आणि ठोकळे उघडे, एवढंच करायला हवं होतं, आणि मी नेमकं उलट केलं होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हातात मोजे काऊन?"

मी म्हणालो, घाम लागला तर मॅग सडतो, अक्का.

त्यांनी जाळं खाली ठेवलं. मोज्यांकडे बघत राहिल्या. मी मोजे काढले. उघड्या मॅगला मी तोवर कधी उघड्या हाताने शिवलो नव्हतो. देवळात चपला घालून गेल्यासारखं वाटलं. पोचक्कांनी घरातून मिठाची बरणी आणली आणि विचारलं, लावू का. मी म्हणालो, त्याची गरज नाही, नदी करेल.

मला दोन दिवस लागले. चौथा ठोकळा उघडा झाला तेव्हा मी त्याच्यावर घामेजला अंगठा दाबून ठेवला. मंडलदांना ओळखता यावा म्हणून. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, इथेच वाचतील.

निघताना मी पोचक्कांना म्हणालो, ठोकळे सडले की मला नक्की कळवा. आणि पत्रा कसा आहे तेही. त्या म्हणाल्या, "सडले की सांगते."

मग वाट पाहणं सुरू झालं. पहिल्या महिन्यात फोन केला. स्वप्ना म्हणाली, वर पांढरं पांढरं आलं आहे. आम्हाला आनंद झाला. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, अजून तेवढेच आहेत. आम्हाला वाईट वाटलं. नत्थूभाऊ दर शनिवारी रेघेपलीकडून विचारायचे, "सडले का?" मी नाही म्हणून मान हलवायचो. ते म्हणायचे, "सडंल, सडंल. धीर धर." एकदा पुण्याहून आलेल्या तपासनिसांनी हे ऐकलं. त्यांनी त्या दिवशी प्रत्येक पेटी दोनदा तपासली.

पावसाळ्यात फोन लागेनासा झाला. गोदावरीला पाणी चढलं आहे असं बसमध्ये ऐकलं. मी कंडक्टरला विचारलं, सिरोंचाच्या बोटी कशा आहेत? तो म्हणाला, कोणती बोट? मला रंगही सांगता येईना. मी तिला फक्त खालून पाहिली होती.

दरम्यान मी पेपर दिला. सडणाऱ्या धातूवर पाच गुणांचा प्रश्न होता. मी पुरवणी घेऊन सात पानं लिहिली, त्यात पोचक्कांचा उल्लेखही गेला असावा. पास झालो. नोकरी सोडताना मंडलदांनी मोजे परत घेतले, धुऊन ठेवायला हवेत म्हणाले, आणि बराच वेळ पाठ फिरवून काहीतरी धूत राहिले. बाबांना सांगितलं, नापास पूर्ण झालं. ते म्हणाले, "आता कोणतं करतेस?"

ब्रह्मपुरीला आल्यावरही मी त्या नंबरवर अधूनमधून फोन लावायचो. कोणी उचलायचं नाही. दुसरा पावसाळा आला आणि गेला. वर्गात गंजाचा विषय निघाला की मी खिडकीबाहेर बघायचो. ठोकळे सडले असते तर त्यांनी कळवलं असतं. त्यांनी कळवलं नव्हतं. याचे दोनच अर्थ होते, आणि दुसरा मला नको होता.

गेल्या महिन्यात बसस्टँडवरून निरोप आला की तुमच्या नावाचं पार्सल आहे. ते सिरोंचाच्या गाडीने निघून, आलापल्लीला एका ड्रायव्हरकडून दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे असं हातोहात आलं होतं. देणारा ड्रायव्हर ते हात लांब करून धरून उभा होता. "लई वास येते," तो म्हणाला. माझ्यासाठी त्यात नवीन काही नव्हतं.

आत सुकवलेल्या माशांची एक पुडी होती. तिच्याखाली फडक्यात गुंडाळलेल्या चार लोखंडी पट्ट्या होत्या, टोकं कापून काढलेल्या. तीन अगदी नागव्या होत्या. चौथीला बोराएवढा एक पांढरा, भुसभुशीत गोळा चिकटून होता. हातात घेतला तर त्याची राख बोटांना लागली. अंगठा वगैरे काही उरला नव्हता. आणि वहीच्या कागदावर स्वप्नाच्या अक्षरात चिठ्ठी होती. मी ती स्टँडवर उभ्यानेच वाचली.

"तम्मी, फोन नदीत पडला होता, तुझा नंबर त्यातच गेला. तुझं कॉलेज मंडलदादांकडून कळलं. चारही ठोकळे सडून गेले. मेकॅनिकनं बूड हातोड्यानं ठोकून पाहिलं. म्हणाला, पत्रा आहे तसाच आहे, अजून लई वर्सं जाईल. बोट रोज चालते. कारखान्यात सांगून चार नवीन पाठवायला लाव. मासे मंडलदादांना दे. रंग मारू नको."